पाच नंबरचं पाणी

व्हॉल्ववाल्याचे पुढचे दोन दात दादाच्या मुठीने पडले, पण ती मूठ ज्या आकड्याने वळली तो माझा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला बिचारी म्हणायला नको.

मी खाडीचं पाणी तपासते. नदी संपते आणि समुद्र आत घुसतो, त्या पट्ट्यात आमच्या प्रयोगशाळेने सहा जागा ठरवून दिल्या आहेत. एक नंबर समुद्राच्या तोंडाशी, सहा नंबर सगळ्यात आत. महिन्यातून दोनदा प्रत्येक जागी बोट थांबवायची, काचेची कांडी पाण्यात सोडायची आणि मीटरवरचा आकडा स्थिर झाला की वहीत लिहायचा. समुद्राचं चांगलं पाणी आठच्या आसपास असतं. आकडा सातच्या खाली गेला की पाणी आंबट, आणि जितका खाली जाईल तितकं वाईट. अकरा वर्षं हेच करतेय, म्हणून खाडीवर माझं नाव पडलंय आंबटबाई. दादा म्हणायचा, नाव पाण्यावरून नाही पडलं, तुझ्या तोंडावरून पडलं. त्यातही तथ्य होतं. मला राग पटकन येतो आणि तो मी गिळत नाही.

ऑफिसची लाँच दोन वर्षांपूर्वी बंद पडली. साहेबांनी दुरुस्तीचा प्रस्ताव वर पाठवला, तो अजून वरच आहे. तेव्हापासून मी दादाच्या बोटीने जाते. दादा खाडीत लाकडी चौकटींवर कालवं वाढवतो. चौकटी उघड्या पडतात ओहोटीला, म्हणून त्याची बोट निघते ओहोटीला, आणि तिच्यात बसून मीही. वहीत भरती की ओहोटी लिहायला वेगळा रकाना आहे. दर वेळी ओहोटीच, मग तेच तेच काय लिहायचं म्हणून मी तो कोरा सोडायला लागले. दोन वर्षांत साहेबांनी एकदाही विचारलं नाही.

त्या दिवसांत कालवं मरत होती. शिंपला बोटाने दाबला तरी चुरा व्हायचा, आणि पिल्लं तर चौकटीवर धरतच नव्हती, विरघळून जात होती. आठ घरं त्या चौकटींवर जगतात. दादा घरी जेवताना बोलेनासा झाला होता.

सकाळी आम्ही सहा नंबरला पोचलो. सात पॉइंट दोन. उत्तम. पाच नंबर दादाच्या नव्या तळ्याच्या नाल्यासमोर आहे. तळं त्याने गेल्या उन्हाळ्यात स्वतः खणलं होतं, दलदलीतला काळा चिखल उपसून, पिल्लं वाढवायला. तेव्हापासून त्या तोंडाशी गाळ साचतो, बोट रुतली की अर्धा तास जातो.

"वरचंच पाणी खाली येतंय, वेगळं काय असणार," दादा म्हणाला. "चल पुढे."

मी मागच्या खेपेचा आकडा उतरवला. सात पॉइंट दोन. हे मी पहिल्यांदाच केलं असंही नाही.

चार नंबरला कारखान्याचा पाइप खाडीत उतरतो. लोखंडाला जस्ताचा मुलामा देणारा कारखाना, आत ॲसिडच्या टाक्या. मी कांडी सोडली आणि आकडा घसरत घसरत पाच पॉइंट एकवर जाऊन बसला. मीटर बिघडला असेल म्हणून कांडी धुतली, बाटलीतल्या ठरावीक पाण्यात तपासली, पुन्हा सोडली. पुन्हा पाच पॉइंट एक.

ऑफिसला कळवायच्या आधी आकडा कोणाला सांगायचा नाही असा नियम आहे. मी दादाला सांगितला. नुसता आकडा सांगून थांबले नाही. "हरामखोरांनी ॲसिड सोडलंय," हे मी म्हणाले. दादा नव्हे, मी म्हणाले.

त्याने मला घराजवळच्या धक्क्यावर उतरवलं आणि लगेच बोट परत वळवली. मी वहिनीकडे चहा घेत बसले होते. तासाभराने कारखान्याचा पहारेकरी अनवाणी धावत आला आणि दारातच म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ आमच्या माणसाला मारून टाकतोय."

मी मीटरची पेटी उचलली आणि धावले. पेटी का उचलली ते मला माहीत नाही. सवय असेल.

कारखान्याच्या जेटीवर आठ जण होते, आठ घरांतले आठ. दादा, त्याचा बोटीचा मेकॅनिक, दोघे साडू, बाकीचे चार. मेकॅनिकच्या हातात व्हॉल्व फिरवायचा हातभर लांब पाना होता. खाली, जेटीच्या खांबाला, व्हॉल्ववाला बांधलेला. कारखान्याच्या पाइपाचा व्हॉल्व सांभाळणारा, पन्नाशीचा, बुटका, गोल पोटाचा माणूस. दर खेपेला मला वरून हात करायचा आणि विचारायचा, "काय आंबटबाई, आज गोड की आंबट?" आता त्याचं तोंड सुजून एका बाजूला गेलं होतं. उजवा हात कोपराखाली नको तिथे वाकला होता. पाणी त्याच्या गुडघ्यांशी होतं आणि भरती नुकतीच लागली होती.

"दादा, वेडा झालास का तू? सोड त्याला."

"सोडणारच आहे. मला काय खून करायचाय?" दादाच्या बोटांची सालं निघाली होती. "कबूल करू दे फक्त. पोलीस येतील, साहेब येतील, सगळ्यांसमोर सांगू दे की व्हॉल्व मी उघडला. मग सोडतो."

"पाइप बंद आहे," खालून व्हॉल्ववाला ओरडला. दात नसल्याने शब्द फसफसत होते. "आठ दिवस झाले. टाकी फुटलीय, काम बंद आहे. आत जाऊन बघा ना."

धाकटा साडू शिडीवरून दोन पायऱ्या उतरला आणि त्याच्या मोडक्या हातावर लाथ मारली. तो आवाज मी अजून ऐकते. माणूस ओरडला की आपण कान झाकतो, पण तो ओरडलाच नाही, नुसता श्वास आत ओढत राहिला.

मी साहेबांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "बाई, आकडा बाहेर गेलाच कसा? आधी लेखी कळवा." मी त्यांना काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. पोलिसांना पहारेकऱ्याने कळवलं होतं, पण चौकी पुलापलीकडे, यायला तास लागणार. पाण्याला तास लागणार नव्हता.

मी शिडीकडे गेले तर थोरल्या साडूने दंड धरून मला मागे ढकललं. मी त्याच्या हाताला चावले. त्याने मला थोबाडीत दिली आणि मग स्वतःच ओशाळला, म्हणाला, "ताई, तुम्ही मध्ये पडू नका ना." दादाने ते पाहिलं आणि तो काही बोलला नाही. तिथे मला पहिल्यांदा भीती वाटली. माझ्या अंगावर कोणी हात टाकला आणि दादा गप्प राहिला, असं आजवर झालं नव्हतं.

"ठीक आहे," मी म्हणाले. "मला पाणी पुन्हा मोजू द्या. पाइप सुरू असेल तर पाइपाजवळ पाणी आंबटच राहील, भरती असो की ओहोटी. आकडा तुम्हाला खरा वाटतो ना? मग आकड्यालाच विचारू."

याला कोणी नाही म्हटलं नाही. आकड्यावर सगळ्यांचा विश्वास होता. माझ्यावर होता.

मी जेटीवर पालथी पडून कांडी दोरीने खाली सोडली, पाइपाच्या तोंडाशी, व्हॉल्ववाल्यापासून चार हातांवर. पाणी त्याच्या मांड्यांशी आलं होतं. पाच पॉइंट आठ.

"आंबटच आहे," मेकॅनिक म्हणाला.

"चढतोय," मी म्हणाले. "थांबा."

थांबायला कोणी तयार नव्हतं. मेकॅनिक पायऱ्या उतरून गेला आणि पाना व्हॉल्ववाल्याच्या गुडघ्यावर हाणला, पाण्यातून, त्यामुळे जोर कमी बसला, म्हणून दुसऱ्यांदा पाण्याबाहेर खांद्यावर हाणला. तेव्हा व्हॉल्ववाल्याने कबूल केलं. "हो, मी उघडला," तो रडत म्हणाला. "मीच उघडला. आता वर घ्या." मला वाटलं, सुटला. पण कबुली ऐकल्यावर त्यांची उरलीसुरली शंका गेली आणि शंकेबरोबर दयाही गेली. थोरल्या साडूने वरून दगड टाकला. त्याचं कपाळ फुटलं. चेहऱ्यावरून रक्त उतरून पाण्यात पसरायला लागलं, आणि मी पाहिलं की ते रक्त आत वाहत जातंय, सहा नंबरच्या दिशेने. भरतीचं पाणी आत जातं. समुद्राकडून येतं आणि आत जातं.

मी आकड्याकडे पाहिलं. सहा पॉइंट सहा. पाणी छातीशी होतं.

तेव्हा मला कळलं. नीट, पूर्ण कळलं. भरतीबरोबर समुद्राचं पाणी आलं आणि आंबटपणा आत रेटला गेला, म्हणजे तो पाइपातून येत नव्हता. सकाळी तो वरून आला होता, ओहोटीबरोबर, आणि मी दोन वर्षं फक्त ओहोटीलाच मोजत होते. वरून म्हणजे कुठून? सहा नंबरचं पाणी चांगलं होतं. मध्ये होता पाच नंबर, जिथे मी कांडी बुडवलीच नव्हती. पाच नंबरला होतं दादाचं तळं. दलदलीतल्या त्या काळ्या चिखलात गंधक असतं. पाण्याखाली असेतो ते कोणाचं काही बिघडवत नाही. वर उपसून उन्हात टाकलं की त्याचं ॲसिड होतं आणि पाणी लागलं की खाली उतरतं. हे मला माहीत होतं. पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेतलंय मी त्याचं. तळ्याच्या बांधावर उभी राहून मी नाकाला पदर लावला होता आणि दादाला चिडवलं होतं की तुझ्या तळ्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. बांधावर पिवळी पूड फुललेली पाहिली होती. आणि दर ओहोटीला दादा तळ्याचं फाटक उघडून जुनं पाणी खाडीत सोडत होता, पिल्लांना ताजं पाणी मिळावं म्हणून.

माझ्या भावाने स्वतःच्या हाताने आठ घरांची कालवं मारली होती. ती सातही माणसं त्याच्या शेजारी उभी होती, त्यांच्या हातात पाना होता, दगड होते, आणि रक्त पाहून त्यांना चव लागली होती.

मी उठले नाही. पालथीच पडून राहिले. आकड्याकडे पाहत राहिले. सात. व्हॉल्ववाल्याच्या गळ्याशी पाणी आलं. तो आता ओरडत नव्हता, मान वर करून मोठमोठ्याने नाकाने श्वास घेत होता आणि माझ्याकडे पाहत होता, कारण वर त्याला फक्त माझाच चेहरा दिसत होता. सात पॉइंट चार. एक लाट त्याच्या तोंडावरून गेली, त्याने पाणी थुंकलं. सात पॉइंट आठ. दुसरी लाट गेली आणि या वेळी त्याला थुंकता आलं नाही.

"पाइप नाहीये," मी उभी राहून किंचाळले. "सात पॉइंट आठ आहे. तो खरं बोलतोय, सोडा त्याला."

"समुद्राचं पाणी आलं, पातळ झालं," मेकॅनिक म्हणाला. "सकाळचा आकडा काय खोटा होता?"

"पाच नंबरचा खोटा होता. पाच नंबरला मी पाणी मोजलंच नाही, मागचा आकडा उतरवला. आंबट पाणी तिथून येतंय. दादाच्या तळ्यातून. त्या काळ्या चिखलातून."

सगळं सांगून टाकलं मी, सगळ्यांसमोर, मोठ्याने.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हा मला मारणार. पण तो कामाचा माणूस होता, चिखल ओळखणारा. त्याच्या डोक्यात फाटक, ओहोटी, पिवळी पूड एका रांगेत बसताना मला दिसली. त्याने एवढंच विचारलं, "नक्की?"

"नक्की."

त्याने कमरेची कालवं फोडायची सुरी काढली आणि बुटांसकट उडी मारली. दोर त्यानेच बांधला होता आणि भिजून गच्च आवळला होता. तो पाण्याखाली गेला, वर आला, पुन्हा गेला. व्हॉल्ववाल्याचं फक्त कपाळ पाण्यावर होतं. तिसऱ्या खेपेला दोर सुटला. दादाने त्याला काखेत धरून शिडीपर्यंत ओढलं आणि खालून ढुंगणाला हात देऊन वर रेटलं. मी त्याची कॉलर धरून त्याला फळ्यांवर घेतलं. त्याच्या तोंडातून पाणी आणि रक्त आलं, मग तो खोकला, मग त्याने श्वास घेतला.

दादा शिडीला आला तेव्हा वर सातजण उभे होते.

"तू," मेकॅनिक म्हणाला. एवढंच. दादाने त्याला कामाला ठेवलं होतं, त्याच्या मुलीच्या लग्नात राबला होता. मेकॅनिकने बूट उचलला आणि दादाच्या बोटांवर आपटला.

दादाने तो हात सोडला, दुसऱ्या हाताने धरलं. "अरे, वर तर येऊ दे," तो म्हणाला. "बोलू आपण." त्याच्या आवाजात विनवणी नव्हती, नेहमीचा वैताग होता, जाळं गुंतल्यावर असायचा तसा. धाकट्या साडूने दुसऱ्या हातावर पाय दिला आणि त्यावर उभा राहिला.

मी मेकॅनिकच्या पाठीवर झेप घेतली. त्याच्या डोळ्यांत बोटं घातली, कान ओढला, जे हाताला लागलं ते ओरबाडलं. कोणीतरी माझे केस धरून मला फळ्यांवर आपटलं. पडल्या पडल्या मला दिसलं की व्हॉल्ववाला लोळत गेलाय आणि त्याने आपल्या धड हाताने धाकट्या साडूचा पाय पकडलाय. त्याच्या बरगडीत लाथ बसली तरी पकड सुटली नाही. मग मेकॅनिकने पाना फिरवला. आडवा, खाली, शिडीच्या दिशेने. कलिंगड पडल्यासारखा आवाज झाला.

मी कडेपर्यंत रांगत गेले तेव्हा शिडीवर कोणी नव्हतं. दादा दोन खांबांच्या मध्ये पालथा तरंगत होता आणि भरती त्याला आत ओढत होती. प्रवाहाने त्याला एका खांबावर घासलं. त्या खांबांवर शिंपल्यांचं धारदार कवच चढलेलं असतं. मी उडी मारली. मला पोहता येतं, पण त्या प्रवाहात कोणाचंच काही चालत नाही. माझ्या हाताला त्याच्या शर्टाची बाही लागली आणि बाहीच हातात राहिली.

पोलीस आले तेव्हा सातही जण जेटीवर बसून होते. कोणी पळालं नाही. थोरला साडू ओकत होता. दादा दुपारी वळणावरच्या चिखलात सापडला.

व्हॉल्ववाला वाचला. हाताला सळी बसवलीय, एका कानाने ऐकू येत नाही. जबाबात त्याने पहिलं वाक्य हे सांगितलं की मला आंबटबाईच्या भावाने पाण्यातून काढलं. पोलिसांनी विचारलं, बांधलं कोणी? तो म्हणाला, त्यानेच. साहेबांनी माझी वही जप्त केली आणि माझ्यावर चौकशी लावली. लावू देत. नंतर चौथ्या दिवशी मी होडी भाड्याने घेऊन पाच नंबरला गेले, तळ्याचं फाटक अजून उघडंच होतं, आणि ओहोटीला पाणी मोजलं. तीन पॉइंट सहा.

त्या संध्याकाळी वहिनी माझ्या खोलीत आली. तोवर ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. आली, दार लावलं आणि खुर्चीवर बसली.

"वन्सं, मला एकच सांगा," ती म्हणाली. "तुम्हाला कळलं कधी?"

"काय?"

"की तळ्यातून येतंय. कळलं कधी? त्या माणसाला पाण्यातून काढायच्या आधी किती वेळ?"

मी म्हणू शकले असते की त्याच क्षणी कळलं आणि त्याच क्षणी ओरडले. पोलिसांना मी तसंच सांगितलं होतं आणि त्यांनी लिहूनही घेतलं होतं.

"पाणी छातीशी होतं तेव्हा," मी म्हणाले. "वीस मिनिटं आधी."

"वीस मिनिटं," ती म्हणाली. "तो तुमच्या शेजारी उभा होता. त्याच्या कानात सांगितलं असतं, दादा, तळं आपलं आहे, गुपचूप सोड याला आणि घरी चल. सोडलं असतं त्याने. तुमचं ऐकायचा तो. दोघंही घरी आली असती."

"हो."

"मग का नाही सांगितलं?"

"मला वाटलं, आकडा थांबेल कुठेतरी," मी म्हणाले. "आठपर्यंत पोचायच्या आधीच थांबला तर पाइपच ठरेल. मी त्याची वाट पाहत होते, वहिनी. तो माणूस समोर बुडत होता आणि आपलं तळं सुटावं म्हणून मी वाट पाहत होते. दादाला वाचवायला."

ती उठली. तिने मला पहिली थप्पड मारली तेव्हा मी खुर्चीवरून पडले. मग ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी मारत राहिली, तोंडावर, पाठीवर, डोक्यावर. मी हात वर केले नाहीत. दमली की थांबायची, श्वास घ्यायची आणि पुन्हा मारायची.